काजळ्याचा उजवा पाय

चांगुणा कुणाचं वाईट चिंतायची नाही. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर आधी धावणारी ती. पण धाकट्या जावेचं, भीमाबाईचं, जरा कुठं बरं झालेलं दिसलं की तिच्या छातीत बारीक कळ उठायची. ही कळ काही आजकालची नव्हती. भीमाबाई लग्न होऊन आली तेव्हा ओटीतला नारळ सांभाळत उंबऱ्यात अडखळली आणि स्वतःच खळखळून हसली. सासू एरवी कुणाकडे बघून हसत नसे, तीही त्या दिवशी हसली. चांगुणा तिथंच ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तेव्हा जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, या दोन भावांची वस्ती आहे. थोरला रामहरी हा चांगुणाचा नवरा आणि धाकटा पुंजाराम भीमाबाईचा. मध्ये दोघांची सामाईक विहीर. विहिरीच्या उगवतीला भीमाबाईचं घर, मावळतीला चांगुणाचं, आणि वरच्या अंगाला, उत्तरेकडे, दोन्ही घरांपासून सारख्याच अंतरावर, एक जुना लिंब. पुंजाराम आणि भीमाबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, राहुरीच्या नाहीतर संगमनेरच्या बाजूला, आणि पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. रामहरीही पूर्वी जायचा, चांगुणाला घेऊन. एका हंगामात उसाची मोळी खांद्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून चढताना पाय निसटला आणि कंबर गेली. तेव्हापासून तो ओसरीतल्या बाजेवर पडून असतो, विहिरीकडे तोंड करून. बोलतो कमी. चांगुणा शेळ्या राखते, जिराईत तुकडा करते, आणि भीमाबाईच्या घराची किल्ली कमरेला लावून सहा महिने दोन्ही घरं झाडते.

आता हिशेब बघा, म्हणजे चांगुणाच्या मनातला. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं चांगुणानं केलं. भीमाबाई तेव्हा उसाच्या फडावर. ती परत आली आणि चारच दिवसांत म्हातारी गेली. जाताना पाणी मागितलं ते भीमाबाईच्या हातचं. चांगुणाची पोटची लेक सविता भिंगारला दिली आहे. ती मोबाईलवर व्हिडिओ लावते तो आईची विचारपूस करायला, पण दुसऱ्याच वाक्याला म्हणते, काकी कुठंय, काकीला दाखव. चांगुणा मग मोबाईल हातात धरून विहिरीला वळसा घालून जाते आणि जावेच्या तोंडासमोर धरते. पलीकडून लेक हसते, अलीकडून जाऊ हसते. मधला हात तेवढा चांगुणाचा.

आणि मोठी अडचण अशी, की भीमाबाई यासाठी काहीच करत नव्हती. ती पुढं पुढं करणारी असती, गोड बोलून काटा काढणारी असती, तर चांगुणाला मनसोक्त भांडता आलं असतं. पण ती भोळीच होती. थोरल्या जावेला आक्का आक्का करायची, केसात माळायला गजरा आणला तर दोन आणायची. अशा बाईचा हेवा करायचा म्हणजे एकटीनंच करावा लागतो, आणि चांगुणा तो एकटीनं, इमानेइतबारे करत आली होती.

मग आला काजळ्या. हे पिल्लू भीमाबाईला उसाच्या पाचटात सापडलं. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं म्हणून तिनंच नाव ठेवलं काजळ्या, आणि पदरात घालून वस्तीवर आणलं. पुढच्या दिवाळीत मात्र तोडीच्या टोळीच्या मुकादमानं ट्रॉलीत कुत्रं घेणार नाही म्हणून सांगितलं, आणि काजळ्या चांगुणाच्या गळ्यात पडला. कुत्र्यामांजरांची तिला हौस नव्हती. पण सहा महिने रोज भाकरी कुस्करून घालणं, गोचीड काढणं, पायात काटा मोडला की मांडीवर घेऊन सुईनं काढणं, यात माणसाचं काय होतं ते तिचं झालं. फक्त नाव तिनं कधी घेतलं नाही. नाव भीमाबाईचं होतं. ती हाक मारायची, "ये रं लबाडा," आणि लबाड लिंबाखालून उठून धावत यायचा. दिवसा त्याची जागा ती, लिंबाखालची. कुणीही हाक मारो, विहिरीला वळसा घालून यायचा.

दुसऱ्या वर्षी भीमाबाई फडावरून आली. ट्रॉलीतून उतरून दारात उभी राहिली, "काजळ्याऽ" अशी एक हाक दिली, आणि सहा महिने चांगुणाच्या हातचं खाल्लेला तो लबाड वारं प्यायल्यागत सुटला. चांगुणा बघत राहिली. इतकं बारीक बघायचं कारण नव्हतं, पण हेवा करणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की कुत्रं पळताना पुढचे दोन्ही पाय सारखे टाकत नाही. एक आधी पडतो आणि दुसरा त्याच्या जरा पुढं जाऊन पडतो, दर उडीला तोच. भीमाबाईकडे येताना काजळ्याचा उजवा पाय पुढं पडत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या दारातून हाक मारली आणि डोळे त्याच्या पायांवर ठेवले. डावा.

तिनं आठ-पंधरा दिवस पाळत ठेवली. जावेकडे उजवा, आपल्याकडे डावा. एकदाही चूक नाही. आता हे दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्या गावचा देव भैरोबा. अडलं-नडलं की लोक भैरोबाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन अंगांना दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. लग्नं जमतात त्याच्यावर आणि मोडतातही. आणि भैरोबाच्या पायाशी बसलेलं असतं ते कुत्रंच. तेव्हा कुत्र्याचा उजवा पाय म्हणजे काय आणि डावा म्हणजे काय, हे चांगुणाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. देवानं कौल दिला होता, आणि तो रोज, भाकरीच्या वेळेला देत होता.

ही गोष्ट तिनं पोटात ठेवायला हवी होती. पण जळफळाट पोटात राहत नाही. शेंगा उपटताना एकदा भीमाबाई म्हणाली की काजळ्याचा तुमच्यावर लई जीव हाय आक्का, आणि चांगुणा फणकारली. कसला जीव, तुझ्याकडं उजव्या पायानं पळतंय आन माझ्याकडं डाव्या, डोळं फुटलं का तुझं, असं ती बोलून गेली. भीमाबाई आधी हसली. मग तिनं खरंच बघितलं. आणि मग तिचा चेहरा असा फुलला की चांगुणाला आपली जीभ उपटून टाकावीशी वाटली. भीमाबाईनं पंचक्रोशीत सांगितलं. शेजारच्या वस्तीवरच्या बाया मुद्दाम बघायला आल्या, दोघी जावांनी आपापल्या दारातून हाका मारून दाखवल्या, आणि भैरोबाच्या गुरवानंसुद्धा मान डोलावली. चांगुणानं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

असं एक वर्ष गेलं. यंदा घटस्थापनेच्या आधी भीमाबाई चार दिवस माहेरी गेली. कोंबड्यांना पाणी ठेवायला चांगुणा तिच्या अंगणात गेली, आणि काजळ्यानं रात्रीची भाकरी खाल्ली नव्हती म्हणून तिथूनच हाक मारली. काजळ्या लिंबाखालून उठला, विहिरीला वळसा घालून आला.

उजवा पाय पुढं होता.

तिला आधी इतका आनंद झाला की कोंबड्यांचं पाणी तसंच राहिलं. देवानं कौल फिरवला. इतक्या वर्षांची सेवा रुजू झाली. ती लगोलग आपल्या दारात आली, पुन्हा हाक मारली, आणि काजळ्या डाव्या पायानं आला. ती पुन्हा जावेच्या अंगणात. उजवा. पुन्हा आपल्या. डावा. दर खेपेला काजळ्या तुकडा घेऊन लिंबाखाली परतायचा. मग तिनं बाजेवरच्या रामहरीला हाक मारायला लावली. रामहरीला कुत्र्याचं काही नव्हतं, कुत्र्यालाही रामहरीचं काही नव्हतं, पण भाकरी दिसत होती म्हणून ते आलं. डावा. "काय खूळ लागलं का गं?" एवढंच रामहरीनं विचारलं, आणि पुन्हा कूस बदलून विहिरीकडे बघत पडला.

चांगुणा विहिरीच्या कठड्यावर बसली आणि तिला उमगलं. भीमाबाईच्या घराकडे येताना विहीर कुत्र्याच्या उजव्या हाताला राहते, प्रदक्षिणेत देव राहतो तशी. तिकडे वळायचं म्हणजे उजवीकडे वळत यायचं. चांगुणाच्या घराकडे येताना विहीर डाव्या हाताला. ज्या अंगाला वळायचं त्या अंगाचा पाय ते पुढं टाकतं, मग दारात भीमाबाई असो, चांगुणा असो नाहीतर पाणी मागायला आलेला वाटसरू असो. एवढंच होतं ते. ती वर्षभर एका विहिरीवर जळत होती.

दुसरी कुणी असती तर हसली असती, भीमाबाई आल्यावर तिलाही सांगून हसवलं असतं. चांगुणा हसली नाही. तिनं ही गोष्ट कमरेच्या किल्लीबरोबर खोचून ठेवली.

दिवाळी आली आणि ती उपयोगाला आली. यंदा मुकादम नवा होता आणि त्याची कुत्र्याला हरकत नव्हती. भाऊबीज झाल्यावर भीमाबाई ओसरीत येऊन बसली आणि म्हणाली की काजळ्याला यंदा बरोबर नेते. गेल्या हंगामात फडावरच्या त्यांच्या झोपडीच्या, कोपीच्या मागं बिबट्या फिरत होता. पुंजाराम गाडी भरायला गेला की दोन-दोन तास तिला उसाच्या कडेला पाचटाच्या कोपीत एकटीला बसावं लागायचं. कुत्रं असलं तर निदान भुंकून सांगेल.

चांगुणा भडकली. न्यायचं म्हणजे काय? सहा महिने सांभाळायचं तिनं, आणि भीती वाटली की न्यायचं यांनी? आधी सासू, मग लेक, आता हे. ती म्हणाली, "बिबट्या पयलं कुत्रंच उचलतो. मरायला नेतीस का त्याला?"

"आन मला?" भीमाबाई म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. त्या साधेपणानं चांगुणा आणखी चिडली. ती उठली आणि म्हणाली की आपण कशाला भांडायचं, कौल घेऊ. सगळ्या गावाला माहीत हाय तो कसा देतो. ज्याच्याकडं उजव्या पायानं येईल त्याचा. फक्त रीतसर व्हायला पाहिजे. आपापल्या दारात उभं राहिलं तर ते सवयीनं, भाकरीच्या वासानं येईल. तेव्हा तू माझ्या अंगणात उभी राहा, मी तुझ्या. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

सगळ्यांना हे फार न्यायाचं वाटलं. पुंजाराम तर म्हणाला की वहिनीसारखा सरळ माणूस शोधून मिळायचा नाही. भीमाबाईनं लगेच मान्य केलं. तिला वर्षभराचा भरवसा होता. शेजारच्या वस्तीवरच्या बाया कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. पुंजारामनं लिंबाखाली काजळ्याचा पट्टा धरला. रामहरी बाजेवर उठून बसला, जे तो सहसा करत नसे.

भीमाबाईनं हात जोडून भैरोबाचं नाव घेतलं आणि हाक दिली. काजळ्या जीव तोडून सुटला, कान मागं, जीभ बाहेर, इतक्या आनंदानं की कुणालाही कळावं. पण कुणी आनंदाकडे बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे पायांवर होते. विहीर डावीकडे ठेवून तो वळला. डावा पाय पुढं. बायांमध्ये कुजबूज झाली. मग त्याला परत लिंबाखाली नेलं आणि चांगुणानं जावेच्या अंगणातून हाक मारली, "ये रं लबाडा." तो आला. जरा रमतच आला, मध्ये एकदा मागं वळून भीमाबाईकडे बघून आला. पण विहीर उजव्या हाताला होती आणि उजवा पाय पुढं पडत होता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

भीमाबाई रडली नाही. तिनं काजळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा नीट केला आणि चांगुणाकडे आली. "आक्का, त्याचा जीव तुमच्यावर हाय. म्या उगंच इतकं दिवस माझं माझं करत हुते," ती म्हणाली. आणि वाकून पाया पडली. चांगुणानं पाय मागं घेतले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भीमाबाईवर मात केली होती, आणि त्या सुखात तिला एवढंच खटकलं की जाऊ हरतानासुद्धा चांगली दिसत होती.

जायच्या दिवशी ट्रॅक्टर सकाळीच आला. ट्रॉलीत भांडी, पत्रे, बांबू, कोंबड्यांचा खुराडा, आणि त्या सगळ्यावर भीमाबाई. चांगुणानं काजळ्याला खुंट्याला बांधलं होतं. दोरी घुंगराच्या पट्ट्यातून ओवली होती. ट्रॅक्टर हलला तसा काजळ्यानं मान वाकडीतिकडी केली, मागं रेटा दिला, आणि पट्ट्यातून डोकं काढून पळाला. पट्टा दोरीला लोंबत राहिला.

चांगुणा भाकरी हातात घेऊन बांधावर धावली. वस्तीवरून निघणारा रस्ता पहिल्यांदा सरळ आहे, ओढ्यापर्यंत. ओढ्याशी तो वळतो आणि पुढं गावाकडे जातो. ट्रॅक्टर ओढ्याशी पोचत होता. काजळ्या सरळ रस्त्यावर होता आणि चांगुणानं हाक मारली, "ये रं लबाडा."

तो थांबला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं मागं बघितलं. एक पाय उचललेला होता, कुठला ते तिला दिसलं नाही. इथं विहीर नव्हती, वळण नव्हतं, अंगण नव्हतं. सरळ रस्ता, त्याच्या एका टोकाला ही आणि एका टोकाला ती. अजून एक हाक मारली असती तर तो आला असता. चांगुणाला हे पक्कं ठाऊक होतं. तो हाकेचा होता, भाकरीचा होता, आणि सहा महिने तो तिचाही होता. तिनं तोंड उघडलं. आणि तिला कोपी दिसली, जी तिनं स्वतःही पूर्वी पाहिली होती, रामहरी गाडी भरायला गेल्यावर, उसाच्या कडेला, पाचटाला जरा हवा लागली तरी दचकवणारी. आन मला, असं कुणीतरी विचारत होतं.

तिनं दुसरी हाक मारली नाही. हेवा कमी झाला म्हणून नव्हे. तो होता तिथंच होता, उलट आता जास्त चावत होता. पण तिनं भाकरी धरलेला हात खाली घेतला.

काजळ्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग तोंड फिरवून तो सुटला. ट्रॅक्टर ओढ्याच्या वळणावर हळू झाला. पुंजारामनं उडी मारून त्याला उचललं आणि वर दिलं. भीमाबाई ट्रॉलीत उभी राहिली, एका हातानं कुत्रं धरून दुसरा हात हलवू लागली. काहीतरी ओरडतही होती. मग ट्रॅक्टर वळला.

चांगुणा ओसरीत आली. रामहरी बाजेवर होता, नेहमीसारखा. ती खांबाला टेकली आणि म्हणाली, "गेलं. पर तिच्याकडं डाव्या पायानं गेलं. म्या बघितलं, वळताना डावाच पुढं हुता." एवढ्या लांबून कुणाला पाय दिसत नाहीत, पण चांगुणाला दिसला होता.

रामहरी म्हणाला, "डावाच पडनार. वड्यापाशी वाट डावीकडं वळती."

तिनं चमकून त्याच्याकडे बघितलं. तो विहिरीकडे बघत होता, जशी त्याला इतकी वर्षं सवय होती.

"कौलाच्या दिशी बी हीर तितंच हुती," तो म्हणाला. आणि त्यानं कूस बदलली.

काजळ्यासाठी घेतलेली भाकरी अजून तिच्या हातात होती. ती तिनं तिथंच खांबाशी उभ्या उभ्या खाल्ली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.